सिमेट्रीतल्या काकांना, आजीच्या नावासाठी थँक्यू

प्रिय काका,

तुमचं नाव इथे टाकत नाहीये, कारण तुम्हीच दम दिला होतात, "माझा फोटो नको नि नाव नको, लिहायचंच असेल तर मेलेल्यांबद्दल लिही." पॅरिशचंही (म्हणजे तिथल्या चर्चचंही) नाव लिहीत नाही. पण ठाण्यातले जे लोक दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मेणबत्त्या आणि झेंडूचे हार घेऊन कबरी सजवायला येतात त्यांना गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसणारे काका कोण ते बरोबर कळेल. मी कोपरखैरणेवाली, निळी छत्री. जुलैत भर पावसात लागोपाठ तीन शनिवार आले होते ती.

तोंडावर थँक्यू म्हटलं तेव्हा तुम्ही हात झटकलात आणि फावडं घेऊन आत निघून गेलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगते. माझे पप्पा ७६ वर्षांचे. त्यांची आई गेली तेव्हा ते ६ वर्षांचे होते. वर्षभरात घरात दुसरी आई आली, आजोबांची बदली नाशिकला झाली आणि पहिल्या आईचा विषय घरात बंदच झाला, कुणी मुद्दाम बंद केला असं नाही पण त्या काळात होतं ना तसं, कुणी काढायचा नाही, मग मूलही विचारायचं थांबतं. पप्पांकडे आईचा एक फोटो नाही. फक्त एवढंच आठवतं की कबर चाफ्याच्या झाडाखाली होती, भिंतीपासून तिसरी, आणि पांढऱ्या दगडावर काळी अक्षरं होती. पुढे नोकरीसाठी नवी मुंबईत आले, इतकी वर्षं ठाणं खाडीपलीकडे, ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं, तरी कधी गेले नाहीत. यावर्षी बायपास झाली आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "एकदा आईकडे जाऊन येऊ या."

म्हणून मी आधी एकटी आले, जागा बघून ठेवायला. चाफा नव्हता. भिंतीपासून तिसरी कबर होती पण ती काळ्या ग्रॅनाइटची, भलत्याच फॅमिलीची, वर ताजी फुलं. मी दोनदा मोजलं, या बाजूने आणि त्या बाजूने. मग ऑफिसात गेले तर तिथे सांगितलं की एवढ्या जुन्या नोंदीसाठी लेखी अर्ज करा, रजिस्टर शोधावं लागेल, वेळ लागेल. महिनाभराने नोंद मिळाली, नाव, नवऱ्याचं नाव, वय २९, दफन केल्याची तारीख, फादरची सही. कबर कुठे ते काहीच नाही. मी परत सिमेट्रीत येऊन त्या ग्रॅनाइटच्या कबरीपाशी छत्री धरून उभी होते आणि मागून तुमचा आवाज आला, "कोणाला शोधतेस बाय?"

काका, तो "बाय" शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. पप्पांची एक आत्या म्हणायची तसं.

तुम्ही शेडमधल्या लोखंडी पेटीतून वह्या काढल्यात. लाल कापडी बांधणीच्या लांब वह्या, वाण्याकडे खतावणीला असायच्या तशा. तुमच्या वडिलांनी सुरू केलेल्या, नंतर तुम्ही चालू ठेवलेल्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, ऑफिसची तर वेगळी रजिस्टरं आहेतच, ही खणणाऱ्याची वही, आपल्याला कुठे फावडं मारायचंय ते आपल्याला माहीत पाहिजे म्हणून. तुम्ही बोट लावत लावत पानं उलटत होतात, वाळवीने कडा खाल्लेल्या, आणि मग ते बोट थांबलं. मी ती ओळ मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलीये आणि रोज एकदा तरी बघते. आजीचं नाव, अमक्याची बायको, चाफ्याखाली, भिंतीपासून तीन. आणि पुढे त्याच अक्षरात दोन शब्द, "सोबत बाळ."

चर्चच्या रजिस्टरमध्ये ते बाळ नाही. तुम्ही सांगितलंत की बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेली बाळं पूर्वी बहुतेक वेळा लिहिलीच जायची नाहीत, पण तुमच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने त्याला आईच्या कुशीत ठेवलं होतं, मग त्यांनी लिहिलं. म्हणजे आमच्या अख्ख्या घराण्यात, सगळ्या कागदपत्रांत, रेशन कार्डापासून चर्चच्या दाखल्यापर्यंत, माझ्या त्या काकाचा किंवा आत्याचा एकमेव पुरावा म्हणजे एका खड्डे खणणाऱ्या माणसाने पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द. हे मला अजूनही नीट बोलता येत नाही कुणाशी.

त्या ओळीच्या खाली शाईत अजून एक नोंद होती, तुमच्या अक्षरात. "उचलली. मोठ्या कुरसाखाली." (कुरीस म्हणजे क्रॉस.) आणि तारीख. मी तेव्हा खूप चिडले काका, तुम्हाला आठवत असेल. जागा कमी असते, कायमची कबर विकत घेतली नसेल तर काही वर्षांनी ती उघडतात आणि हाडं काढून निशमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, किंवा मोठ्या कुरसाच्या चौथऱ्याखाली ठेवतात, हे मला माहीत होतं, सगळ्या मुंबई-ठाण्यात असंच चालतं, जिवंत माणसाला जागा नाही तिथे मेलेल्याला कुठून असणार. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच आजीचं असं समजणं वेगळं. मी म्हटलं, "तिला हलवलं आणि घरच्यांना एक पत्रसुद्धा नाही?" तुम्ही म्हणालात की पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असेल, आणि मग वाद न घालता चहा मागवलात आणि ती गोष्ट सांगितलीत.

तुम्ही म्हणालात, "ठाण्यात मेलेला सगळ्यात नावाजलेला माणूस कोण ठाऊक हाय का? चौघंजण. त्यांची पण कबर ठाण्यात नाय."

मी जन्मापासून कॅथलिक, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या समोरून, मसुंदा तलावाला वळसा घालून हजार वेळा गेलेय आणि मला ही गोष्ट माहीत नव्हती. आपल्याला वाटतं आपला धर्म इथे पोर्तुगीजांबरोबर आला. घरी जाऊन मी वाचत बसले आणि तुम्ही सांगितलेलं खरंच निघालं. १३२१ सालची गोष्ट, म्हणजे वास्को द गामा यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीची. चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू), टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस, हा डेमेट्रियस भाषा येणारा. त्यांना जायचं होतं कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला, पण होर्मुझहून निघालेलं जहाज त्यांना घेऊन लागलं ठाण्याच्या बंदरात. आणि तेव्हा ठाण्यात आधीच ख्रिस्ती होते! नेस्टोरियन या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची पंधरा घरं होती असं लिहिलेलं आहे. त्यातल्या एका घरी हे चौघं उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे तक्रार घेऊन गेली, साक्षीला कोण तर घरातले पाहुणे. तिथे त्यांना बोलावल्यावर बोलणं गेलं धर्मावर, वाद पेटला आणि शेवटी शहराच्या मलिकच्या, म्हणजे सुभेदाराच्या, हुकुमाने एप्रिल महिन्यात चौघंही मारले गेले. पीटर मागे घरी राहिला होता, त्याला दोन दिवसांनी. एका घरातलं भांडण, त्यातून हे सगळं, सातशे वर्षांपूर्वी, आपल्या ठाण्यात.

आणि मग तो पाचवा, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. जॉर्डन, फ्रान्सचा, सेव्हेराकचा, डॉमिनिकन नावाच्या दुसऱ्या संघातला. तो त्यांच्याबरोबरच आला होता पण तेव्हा भरूचच्या बाजूला गेला होता. बातमी कळल्यावर तो परत आला, मित्रांची प्रेतं ठाण्याहून सोपाऱ्याला नेली, म्हणजे आपलं नालासोपारा, आणि तिथे पुरली. एकटाच उरला होता. त्याची पत्रं आजही शिल्लक आहेत, त्यात तो आपल्या लोकांना लिहितो की मी इथे एकटा आहे, माणसं पाठवा. पुढे १३२९ मध्ये पोपने त्यालाच कोल्लमचा बिशप नेमलं, जिथे त्या चौघांना पोचायचं होतं तिथला.

थोड्या वर्षांनी ओडोरिक नावाचा आणखी एक फ्रान्सिस्कन ठाण्यात आला. त्याने त्या चौघांची हाडं कबरीतून काढली, चांगल्या कापडात गुंडाळली आणि सोबत घेऊन जहाजात बसला. वाटेत वारा पडला, जहाज जागचं हलेना, सगळ्यांनी आपापल्या देवाची प्रार्थना केली, काही होईना, तेव्हा ओडोरिकने त्यातलं एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं त्याने स्वतः सांगितलंय. बाकीची हाडं त्याने चीनच्या झैतून बंदरात, म्हणजे आजचं च्वानजौ, तिथल्या आपल्या मठात नेऊन ठेवली. थॉमसचं मस्तक इटलीत त्याच्या गावी टोलेंटिनोला आहे असं मानतात, आणि १८९४ मध्ये पोप तेराव्या लिओने थॉमसला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली. याच ओडोरिकने ठाण्याबद्दल अजून एक लिहून ठेवलंय की इथे उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरी त्यांच्यापुढे काही कामाच्या नाहीत. हे वाचून पप्पा खूप दिवसांनी मोठ्याने हसले, म्हणाले, "घुशी! अजून तशाच आहेत!"

म्हणजे बघा, ठाणं, सोपारा, च्वानजौ, टोलेंटिनो, आणि एक हाड समुद्रात. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणालात, "हाडं हलतात बाय. कुणीतरी लिवून ठेवलं तर नाव राहतं." माझा राग तिथेच गेला असं खोटं नाही सांगणार, पण घरी जाताना ट्रेनमध्ये मी पहिल्यांदा रडले आणि हलकं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही मला दगड वाचायला शिकवलंत, ते इथे जरा डिटेलमध्ये लिहिते कारण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. आजीचा पांढरा दगड तुम्ही फेकला नव्हता. उचललेल्या कबरींच्या पाट्या तुम्ही मागच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्यात, पालापाचोळ्यात, पण एकही फोडलेली नाही. मी घासायला तारेचा ब्रश हातात घेतला तर तुम्ही हिसकावूनच घेतलात. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, वॉशिंग पावडरसुद्धा नाही, नुसतं पाणी आणि काथ्याचा मऊ कुंचा, शेवाळ भिजू द्यायचं आणि हळूहळू काढायचं, कारण मार्बलची वरची कातडी गेली की अक्षरं कायमची गेली. आणि पुसट दगड कधी दुपारी वाचायचा नाही. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की वाचायचा, नाहीतर मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरायचा, समोरून नाही, मग खोलगट भागात सावली पडते आणि काहीच नव्हतं तिथे अक्षर उभं राहतं. मी शेजारच्या काळ्या दगडावर करून बघितलं आणि खरंच एक क्रॉस आणि त्याखाली कवटी-हाडं दिसायला लागली, अंगावर काटा आला.

आजीच्या पाटीवर मात्र टॉर्चचा उपयोग नव्हता. ती शिशाच्या अक्षरांची होती, मार्बलमध्ये बारीक भोकं पाडून त्यात शिसं ठोकून बसवलेली, आणि अक्षरं सगळी गळून गेलेली. माझ्यासाठी ती कोरी पाटी होती. तुम्ही माझं बोट धरलंत आणि भोकांवरून फिरवलंत. उभी दोन वर-खाली, मग तिरकी, मग परत उभी दोन. "हा एम." पुढे एक वर दोन खाली, "हा ए असणार." असं करत करत तुम्ही नुसत्या भोकांवरून आजीचं अख्खं नाव लावलंत. मारिया. माझ्या बोटाच्या टोकाला अजून ती भोकं जाणवतात.

तेव्हाच तुम्ही जुन्या पोर्तुगीज दगडांचंही सांगितलंत. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या जमिनीत आहेत तसले. सुरुवातीला 'आकी जाझ' असलं म्हणजे इथे निजला आहे, 'सेपुलतुरा' म्हणजे कबर, आणि शेवटी 'ए दे सेउस एर्देइरोस', म्हणजे आणि त्याच्या वारसांची. म्हणजे पूर्वीही कबर एकट्याची नसायचीच, एकावर एक घरातले सगळे त्यात जायचे. हे मला आधी का नाही कुणी सांगितलं असं झालं.

तिसऱ्या शनिवारी पाऊस थांबेना आणि आपण शेडमध्ये बसून राहिलो तेव्हा तुम्ही त्या दुसऱ्या, इंग्रजांच्या चर्चचं सांगितलंत, सेंट जेम्सचं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये वसई पडली, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रज आले आणि मग पन्नास वर्षांनी त्यांनी स्वतःसाठी हे चर्च बांधलं. १८२५ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर स्वतः येऊन ते पवित्र करून गेला. तो बिशप व्हायच्या आधी इंग्लंडमध्ये हॉडनेट नावाच्या छोट्या गावचा पॅरिश प्रीस्ट होता, आणि त्याने ठाण्याबद्दल लिहिलंय की इथे जास्त करून रोमन कॅथलिकच राहतात. आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १८२६ मध्ये, तो तमिळनाडूतल्या त्रिचीला वारला, वय फक्त ४२, आणि तिथल्याच चर्चमध्ये पुरला गेला. कुठला हॉडनेट, कुठलं ठाणं, कुठली त्रिची. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "त्याची बायको कलकत्त्यात होती तेव्हा." तुम्हाला प्रत्येक वेळी मागे राहिलेलं माणूस आधी आठवतं, हे माझ्या लक्षात आलंय काका.

पप्पांना मी ऑगस्टमध्ये घेऊन आले. तुम्ही त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून गेटवर उभे होतात आणि व्हीलचेअरसाठी चिखलावर फळ्या टाकून ठेवल्या होत्यात, मी काही सांगितलं नव्हतं तरी. आधी मोठ्या कुरसापाशी नेलंत, मग आजीची पाटी. पप्पांना बाळाबद्दल मी सांगितलं नव्हतं, माझी हिंमत झाली नाही. तुम्ही वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलीत आणि नुसते बाजूला उभे राहिलात. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत वाचलं. मला वाटलं आता कोसळतील. ते म्हणाले, "मला आठवतंय. मला सांगितलं होतं भाऊ येणार आहे." सत्तर वर्षं त्यांना वाटत होतं की ते त्यांनी स्वप्नात ऐकलं होतं.

मग त्यांनी दोन मेणबत्त्या मागितल्या. आम्ही एकच आणली होती. दुसरी तुम्ही तुमच्या खिशातून काढलीत.

काका, ज्या माणसांचं कुणीही विचारायला येत नाही त्यांची नोंद तुम्ही आणि तुमचे वडील इतकी वर्षं ठेवत आलात, पगार किती ते मला माहीत आहे, तुम्ही सांगितला नाहीत तरी. प्लेगच्या वेळचे कुरीस गावठाणांमध्ये नाक्यानाक्यावर उभे आहेत, त्यांना आपण हार घालतो, ते बरोबरच आहे. पण ज्यांना दगडसुद्धा मिळाला नाही ते सगळे तुमच्या लाल वह्यांमध्ये आहेत. ज्यांच्या घरचं कुणी असं हरवलंय त्यांनी ऑफिसात अर्ज जरूर करावा, पण शेडमध्ये पण जावं, आणि जाताना घाईत जाऊ नये, काकांना आधी चहा विचारावा.

वह्यांचं काम सुरू आहे. तुम्ही फोटो काढू दिलेत त्यातल्या पहिल्या वहीची १८४ पानं माझ्या मुलाने आणि मी मिळून टाईप केली, जसं लिहिलंय तसंच, स्पेलिंग न सुधारता. 'सोबत बाळ' असं अजून अकरा ठिकाणी आहे. एका प्रिंटला बायंडिंग करून घेतेय, लाल कापडातच, आणि एक कॉपी तुम्हाला, एक पॅरिशला. मूळ वह्यांसाठी वाळवी लागू नये म्हणून स्टीलची पेटी बघून ठेवलीये, तुमची लोखंडी पेटी खालून गंजलीये, त्याला नाही म्हणू नका.

पप्पा विचारतायत की २ नोव्हेंबरला सिमेट्रीतली मिस्सा (चर्चची प्रार्थना) झाल्यावर तुम्ही आमच्याकडे जेवायला याल का. मम्मी फुगे (आमच्याकडचे तळलेले पाव) करणारे आणि चिकन, त्यातला बॉटल मसाला तिच्या हातचाच. त्या दिवशी तुम्हाला रात्रीपर्यंत काम असतं हे मला माहीत आहे, तर आम्ही डबा घेऊन शेडमध्ये येतो, तिथेच बसून जेवू.

आणि एक काम राहिलंय. पहिल्या वहीत पान ६७ वर, खालून चौथी ओळ, तुमच्या वडिलांच्या अक्षरात एका बाईचं नाव आहे, पाणी पडून शाई पसरलीये, मला फक्त शेवटचं अक्षर 'ना' वाचता येतंय आणि पुढे 'विहिरीपाशी' असं आहे. मी तिथे रिकामी जागा सोडलीये. तुम्ही शनिवारी संध्याकाळी असाल ना? मी टॉर्च घेऊन येते.

तुमची,
मारियाची नात